कपाटाची जप्ती

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हे ऐकताना एकीच्या नाकातून आला होता.

माझ्याइतकी कायदा जाणणारी बाई अख्ख्या मालवण तालुक्यात नाही, हे मी स्वतःच सांगते. शाळा चौथीपर्यंत. दिवाणी कायद्याचं पुस्तक रद्दीतून आणलं आणि पाठ केलं. आमची काजूची जमीन रस्त्यात गेली, सरकारने मोबदला दिला चिमूटभर. कोर्टात गेले. कलमं मी सांगायची, वकिलाने 'हो काकी' म्हणायचं.

पण जप्ती आधी कोणी आणली? शेवंतीने. माझी धाकटी जाऊ. सही करतानासुद्धा जिची जीभ बाहेर येते, ती.

तिचीही जमीन त्याच रस्त्यात गेलेली, पण तिचा निकाल आधी लागला. सरकारने पैसे भरले नाहीत, तेव्हा कोर्टाच्या बेलीफने भूसंपादन ऑफिसातल्या साहेबाची खुर्ची उचलली. पेपरात फोटो आला. देवळात शेवंती, मासळीबाजारात शेवंती.

"वयनी," ती म्हणाली, "साहेब हुबो नि खुर्ची माझ्या टेम्पोत. तुझा काय झाला गो?"

आठवडाभर माझ्या घशाखाली बांगडा उतरला नाही.

मग माझा निकाल लागला. पण सरकारवर लगेच जप्ती नेता येत नाही, तीन महिने थांबावं लागतं. तेवढ्यात त्यांनी पैसे भरले तर जप्ती हुकली. सरकारने माझे पैसे देऊ नयेत म्हणून रवळनाथाला गाऱ्हाणं घालणारी मी पहिलीच असेन.

देव पावला. मुदत संपली त्या दिवशी कोर्टात जप्तीची दरखास्त, पुढे वॉरंट. वकील म्हणाला, "काकी, बिल तयार आसा म्हणतत. फक्त सायबाची सही. आठ दिवस थांबूया."

"आठ दिवसांत पैसे इले तर?"

"इले तर बराच मां."

याला काय कळणार?

जप्त काय करायचं ते आपण दाखवायचं असतं, टेम्पो नि हमालही आपलेच. ऑफिसात बेलीफने खुर्चीला हात घातला.

"खुर्ची नको," मी म्हटलं. "खुर्ची शेवंतीन नेल्यान. ता कपाट."

लोखंडी, माझ्याहून हातभर उंच. कारकून आडवा आला. "आजी, कपाट राहू द्या. आत महत्त्वाचे कागद आहेत."

"मग काढून घ्या."

"किल्ली साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. आजी, ऐका तरी, आत तुमचंच..."

"माझं काय ते मी बघते. उचला रे."

कोर्टात ठेवायला जागा नव्हती. नीट सांभाळीन असं लिहून देऊन, सील केलेलं कपाट मी माझ्या ओटीवर आणलं. टेम्पो शेवंतीच्या दारावरून दोनदा फिरवला. ती बाहेर आली, कपाट बघितलं आणि आत गेली. त्या दुपारी मी पाच बांगडे खाल्ले.

चौथ्या दिवशी कारकून स्कूटरवरून किल्ली घेऊन हजर.

"आजी, तेव्हा हेच सांगत होतो. तुमचं बिल आत आहे. साहेब आलेत, सही झाली की चेक."

मी लाखेच्या सीलकडे बघितलं. कोर्टाच्या हुकमाशिवाय ते मोडणं म्हणजे गुन्हा, हे त्याला मीच समजावलं, कलमासकट. आणि कोर्टाला आदल्याच दिवशी मे महिन्याची सुट्टी लागलेली.

महिनाभर रोज सकाळी मी फडक्याने माझ्याच पैशांवरची धूळ पुसली. शेवंती येता-जाता विचारायची, "वयनी, कपाट बरा आसा मां?"

कोर्ट उघडलं त्या दिवशी वकिलासमोर जाऊन बसले. "सील उघडूचो अर्ज लिही. सरकारविरुद्ध."

त्याने पेन खाली ठेवलं. "काकी, सरकार पैसे देऊक तयार आसा. जप्ती तुमची, ताबो तुमचो. पैसे अडवल्यान कोणी? नाव सांगा, लिहितंय."

 मी माझं पूर्ण नाव सांगितलं.