गादीच्या दुकानातली मांजर

नळदुर्गात आमचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे रस्त्याकडेचं दुकान, आत कापूस पिंजायची मशीन आणि मागं आमचं घर. मशीन माझे मिस्टर चालवतात, खोळी मी शिवते, आणि भरलेल्या गादीला दाभणानं टाके घालायचं काम सासऱ्यांचं. त्यांना आम्ही अब्बा म्हणतो.

नवी गादी नेणारी गिऱ्हाइकं जुनी आमच्याकडंच टाकून जातात. सोलापूरच्या एका प्राण्यांच्या शेल्टरला थंडीत अशा गाद्या लागतात. तीन वर्षांपूर्वी टेम्पोभर गाद्या द्यायला मी मिस्टरांबरोबर गेले होते. गाद्या उतरवताना एक करडी मांजर माझ्याकडं यायला निघाली. चार पावलं आली आणि कुशीवर पडली. उठली, निघाली, परत पडली. डोकं सारखं हलत होतं, कशाला तरी नको नको म्हणावं तसं.

तिथल्या ताई म्हणाल्या, "आजारी नाही ती. पोटात असताना तिच्या आईला इन्फेक्शन झालं, त्यामुळं हिचा लहान मेंदू नीट वाढला नाही. म्हणून तोल जातो. हे वाढायचं नाही, पण बरंही व्हायचं नाही."

"दुखतं का तिला?"

"नाही. तिला हेच चालणं माहीत आहे. वर्षाची झाली, पण कुणी नेत नाही. लोकांना वाटतं पिसाळलीय."

मी मिस्टरांकडं बघितलं. ते म्हणाले, "आपल्याकडं पडली तर गादीवरच पडंल." ते काही गमतीनं म्हणाले नव्हते.

घरी अब्बांना ते पटलं नाही. "मांजर पाळायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण हिचा तोल मशीनच्या पट्ट्यावर गेला तर?" प्रश्न बरोबर होता. दुसऱ्याच दिवशी मिस्टरांनी मशीनच्या खोलीला फळ्यांचं दार बसवलं.

पहिला महिना खाण्यातच गेला. बशीकडं डोकं नेलं की ते हेलकावायचं, नाक आपटायचं आणि बशी उलटायची. स्टीलचं ताट सरकायचं. शेवटी जुना दगडी खल दोन विटांवर ठेवला. तो हलेना, आणि तिला मानही फार खाली घालावी लागेना. शी-शूसाठी घमेलं ठेवलं तर ती त्यातच पडायची. मग प्लास्टिकच्या टबाची एक बाजू कापून त्यात वाळू टाकली. तिथं तिला तीन बाजूंनी टेकता यायचं. तरी रोज ओल्या फडक्यानं पुसावं लागायचंच. सुरुवातीला मला किळस यायची, हे सांगायला हरकत नाही. शेजारची बाई म्हणाली, "द्या की कुठं तरी सोडून." मी टबातली वाळू बदलत राहिले. नाव आम्ही ठेवलं नाही. 'ए बाई' म्हटलं की ती बघते.

तिला उडी मारता येत नव्हती. त्यामुळं ती जमीन सोडून कुठं जाणार नाही, असं मी धरून चालले होते.

पुढच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या एका ढाब्याला खोल्यांसाठी बारा गाद्या दिल्या. मिस्टर सकाळी टेम्पो घेऊन गेले. दुपारी खलात खाणं टाकलं तर बाई आली नाही. पोत्यांमागं बघितलं, पिंजलेल्या कापसाचा अख्खा ढीग हातानं चाळला. कुठंच नव्हती.

अब्बा म्हणाले, "टेम्पोत तर गेली नसंल?"

"टेम्पोत कशी चढंल ती?"

"नखांनी. रोज तुम्ही दोघं जेवायला आत गेलात की कापसाच्या गठ्ठ्यावर चढून बसते. पार वरपर्यंत."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही तिला खाली उतरवली असती," अब्बा म्हणाले.

मिस्टरांना फोन लावला. गाद्या उतरवून ते पुढं कापूस आणायला गेले होते. टेम्पोत काही नव्हतं. अब्बा आणि मी रिक्षानं निघालो. वाटेत ट्रक एकामागून एक जात होते. मी रस्त्याच्या कडेकडं बघायचं टाळलं.

ढाब्याचा मालक म्हणाला, "ती मांजर तुमची व्हय? गाद्या उचलताना खाली पडली. आमाला वाटलं गाद्यांखाली चेंगरली. डोकं हलतंय, पाय जाग्यावर न्हाईत. म्या म्हनलं, काय जगत न्हाय ही." त्यानं तिला टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवून वर टॉवेल टाकला होता. आत दूध दिलं होतं, ते सगळं तिच्या तोंडावर उडालं होतं.

"तिला काही झालेलं नाही," अब्बा म्हणाले. "ती अशीच आहे."

येताना ती अब्बांच्या मांडीवर होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालंय हिला?" तेव्हा अब्बांनी पोटातलं इन्फेक्शन, लहान मेंदू, सगळं समजावून सांगितलं. मी घरी सांगितलं होतं ते त्यांनी ऐकलं असंल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून गठ्ठ्यांच्या पायथ्याशी दोन जुन्या गाद्या कायम अंथरलेल्या असतात. टेम्पो निघण्याआधी सगळ्या गाद्या एकदा हलवून बघतो. बाई आता चार वर्षांची आहे. चालणं तेच आहे, डोकं तसंच हलतं. बदल माझ्यात झाला. आधी ती पडली की मी शिलाई सोडून धावायचे, उचलून उभी करायचे. त्यानं ती जास्तच घाबरायची आणि मला ओरबाडायची. आता मी जागची उठत नाही.

काल लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला एक बाई आल्या होत्या. गठ्ठ्यावरून मांजर घसरली, गादीवर आपटली. त्या दचकल्या. "अहो, पडली ती."

"हो," मी म्हटलं, आणि खोळीचं कापड त्यांच्यापुढं उलगडलं. त्यांनी मरून रंगाचं पसंत केलं. तोवर मांजर निम्म्या गठ्ठ्यावर परत चढली होती.