जुडिथची डावी फेरी

सिल्व्हेनस बेडोजइतका चाललेला आणि तरीही कुठेच न गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या भट्टीच्या खालच्या तळ्याशी पाणी उपसायचा रहाट होता. त्याच्या दांड्याला जुडिथ नावाची आंधळी घोडी जुंपलेली असायची आणि तिच्या कानाशी सिल्व्हेनस. दोघं डावीकडे वळत गोल फिरायची. खालच्या तळ्यातलं पाणी वरच्या तळ्यात चढायचं, तिथून मोठ्या चाकावर पडायचं, चाकाने भाते हलायचे आणि भात्यांच्या वाऱ्यावर भट्टीतलं लोखंड वितळायचं. उन्हाळ्यात ओढा आटला की सगळं या फेऱ्यांवर यायचं. मी साचे घडवणारा. माझ्या साच्यात ओतायला लोखंड मिळणार की नाही, हे कितीतरी उन्हाळे त्या घोडीच्या खुरांवर ठरत आलं.

रहाटावर आणखी घोडे होते, पाळीपाळीने फिरायचे. पण सिल्व्हेनस जुडिथचाच. तिच्या आंधळेपणाचं त्याला वाईट वाटत नसे. गोल फिरणाऱ्याला डोळे असले तर चक्कर येते, असं त्याचं मत होतं. दिवसभर तो तिच्याशी बोलायचा. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाच्या बिअरमध्ये पाणी निघालं, कुणाचा मुलगा पळून ब्रिस्टलला गेला, हे गावाआधी घोडीला कळायचं. तिचं नाव त्याने सासूवरून ठेवलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मानाने. सासूचं म्हणणं वेगळं होतं, आणि ती ते मरेपर्यंत बोलून दाखवत होती.

त्याचा जन्म वरच्या रानातला, लाकूडकोळसा पाडणाऱ्यांच्या घरातला. त्याचा बाप मातीखाली लाकडं धुमसवायचा आणि हा पोत्यांनी लादलेल्या घोड्यावरून तो कोळसा भट्टीवर आणायचा. मग आमच्या मालकांनी खाणीतला दगडी कोळसा भाजून त्याच्यावर लोखंड वितळवायला सुरुवात केली. लोक हसले. या लोखंडाच्या भांड्यात शिजवलेल्या वाटाण्यांना गंधकाचा वास येईल म्हणाले. वाटाण्यांना वास आला नाही, भांडी हलकी आणि स्वस्त निघाली, आणि रानातल्या धुन्या एकेक करून विझल्या. सिल्व्हेनस खाली आला आणि रहाटाला लागला. लोखंडवाल्यांना काही नवीन सुचलं की आपलं काम जातं, असं तो सांगायचा. पावसाने ओलं होतं, असं सांगावं तितक्या सहज.

त्यामुळे आगीचं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं.

यंत्र म्हणजे उंच विटांचं घर, त्यातून बाहेर आलेली एक प्रचंड तुळई आणि पोटात वाफ. तुळई वाकायची, सुस्कारा टाकायची, पुन्हा उठायची, आणि प्रत्येक वाकण्याला खालच्या तळ्यातलं पाणी वर जायचं. रहाटाच्या सगळ्या घोड्यांचं काम ते एकटं करायचं. सिल्व्हेनस पहिल्या दिवशी बराच वेळ बघत उभा राहिला. नंतर म्हणाला, हे चालतं खरं, पण याच्याशी बोलता येत नाही.

त्याला बोलवायला ॲबिया पार्डो आला. पार्डो आमचा कारभारी. मालकांसारखाच क्वेकर पंथाचा. या पंथात सगळी माणसं देवापुढे सारखी, म्हणून ते कुणालाही अहो-जाहो करत नाहीत आणि कुणाहीपुढे टोपी काढत नाहीत, मग समोर न्यायाधीश असो की लॉर्ड. पार्डोचा बाप टोपी न काढल्याबद्दल श्रूझबरीच्या तुरुंगात बसून आला होता. त्यामुळे पार्डोच्या डोक्यावरची करडी, रुंद काठाची टोपी ही नुसती टोपी नव्हती. आम्ही त्याला ‘मित्र पार्डो, तू’ म्हणावं असा दंडक होता. बाकीच्यांना ते जड जायचं. सिल्व्हेनसला कधीच गेलं नाही. घोडीशी, पाद्र्याशी आणि देवाशी तो एकाच सुरात बोलायचा.

पार्डोने त्याला यंत्राच्या बॉयलरखाली कोळसा टाकायचं काम दिलं. बाकीचे घोडे गाडीवाल्यांनी घेतले. राहिली जुडिथ.

“मित्रा, तुझ्यासाठी काम आहे. तिच्यासाठी नाही,” पार्डो म्हणाला. त्याच्या आवाजात कठोरपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. घोडी कंपनीची होती. आंधळी, उतारवयाची. सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाच्या जत्रेला नदीच्या खालच्या अंगाचा कातडी कमावणारा येईल तेव्हा त्याला देऊन टाकायची. तोवर तिने फुकट गवत खावं, ही सवलत.

 सिल्व्हेनसच्या बायकोने, तबिथाने, मला नंतर सांगितलं की त्या संध्याकाळी तो जेवला नाही आणि तिला इतका धक्का बसला की त्याचं पानही तिनेच संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो जुडिथला सरळ चालायला शिकवू लागला. गाडी ओढणारी घोडी कुणीही ठेवून घेईल, असा त्याचा हिशेब. आधी मोकळीच चालवली; ठीक चालली. मग भांड्यांची गाडी जुंपली आणि मॅडलीच्या रस्त्याला लावली. खांद्यावर ओझं आलं की जुडिथला एकच गोष्ट माहीत होती. थोडी गेली, डावीकडे वळली, आणि गाडीसकट विधवा मेशिनबाईच्या कोबीत शिरली. तिथून डावीकडे, कुंपणातून बाहेर, आणि निघाली होती त्याच फाटकात परत हजर. चेहऱ्यावर दिवसभराचं काम उरकल्याचं समाधान.

मेशिनबाई फावडं घेऊन आली.

“बेडोज, तुझ्या सासूने माझा कोबी तुडवला.”

“ती बिचारी सरळच चालली होती,” सिल्व्हेनस म्हणाला. “रस्ताच उजवीकडे सरकला.”

गाव आठवडाभर हसलं. तोही हसला. पण संध्याकाळी मी जुन्या रहाटावरून घरी जायचो तेव्हा तो तिथे बसलेला असायचा. खुरांनी खोल गेलेली ती गोल वाट, आणि तिच्यात नुकतं उगवलेलं गवत. इतक्या वर्षांचं चालणं पुसायला गवताला एक उन्हाळासुद्धा लागत नाही. एकदा मी त्याच्याशेजारी बसलो. तो म्हणाला, “एनॉक, तिला सरळ रेष म्हणजे काय, ते माहीतच नाही रे. मला तरी कुठे माहीत आहे?”

माझी स्वतःची पंचाईत त्याच दिवसांत सुरू झाली. आमचं यंत्र पाहून कुठल्या कुठल्या खाणींचे मालक तसलीच यंत्रं मागू लागले, आणि यंत्राचं काळीज म्हणजे त्याचं नळकांडं, माणूस आत उभा राहील एवढं. ते आमच्याकडे ओतायचं ठरलं. भांड्याचा साचा ओल्या वाळूत होतो. एवढ्या नळकांड्याचा साचा मातीचा लागतो. चिकणमाती, वाळू, घोड्याची लीद आणि कापलेलं गवत एकत्र मळायचं, ते लोण्यासारखं होईपर्यंत. आम्ही पायांनी तुडवायचो. पहिल्या नळकांड्याच्या मातीत एक गुठळी राहिली, साचा वाळताना तिथे तडकला आणि ओतलेल्या लोखंडाला मुठीएवढं भोक पडलं. ते नळकांडं अजून माझ्या अंगणात आहे. कोंबड्या त्यात राहतात.

म्हणून पार्डोने नदीपलीकडच्या वीटवाल्यांकडून चिखलाचा घाणा आणवला. उभं पिंप, मधोमध खांब, खांबाला तिरकी लोखंडी पाती. खांबाच्या डोक्याला आडवा दांडा, दांड्याला घोडा. घोडा गोल फिरला की पाती माती कापत, मळत खाली रेटतात आणि तळाच्या तोंडातून ती बाहेर येते. पार्डोने एक तरणा घोडा जुंपला. तो थोडा वेळ फिरला, मग थांबला आणि मागे वळून आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागला की आम्हालाच लाज वाटली. चाबूक दाखवल्यावर त्याने लाथ मारून दांडा मोडला.

ही बातमी बॉयलरपाशी पोचली तेव्हा सिल्व्हेनस हातातलं फावडं टाकून पळत आला. काळाकुट्ट, दातच काय ते पांढरे.

“मित्र पार्डो, तुला गोल फिरणारं जनावर पाहिजे. या परगण्यात गोल फिरण्यात जुडिथच्या तोडीचं कुणी असेल तर नाव सांग.”

पार्डो विचार करत राहिला. क्वेकर लोक विचार करतात तेव्हा समोरच्याला वाटतं, हे झोपले. शेवटी त्याने मान हलवली. मायकेलमसला आठवडाच उरला होता. एकदा जुंपून पाहू, माती नीट मळली गेली तर घोडी राहील. नाही तर ठरलंय ते ठरलंय.

चाचणीला अर्धा गाव जमला. मेशिनबाईसुद्धा आली, घोडी पुन्हा कुठे शिरते ते बघायला. सिल्व्हेनसने जुडिथला आंघोळ घालून आणली होती. दांडा खांद्याला लागताच तिचे कान उभे राहिले. त्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती चालू लागली. न अडखळता, न थांबता, मान किंचित खाली, डावीकडे. मी पिंपात माती टाकत होतो. तळाच्या तोंडातून काही येईना.

पार्डो पुढे झाला आणि आत काय अडकलंय ते बघायला पिंपावर वाकला.

वीटवाल्यांचा घोडा उजवीकडे फिरत असे. पाती त्या हिशेबाने तिरकी बसवलेली होती. जुडिथ उलटी फिरत होती, म्हणून माती खाली जायच्या ऐवजी वर चढत होती, भांड्यात फुगलेल्या कणकेसारखी, गुपचूप. ती एकदम उसळली आणि तिचा मोठा लपका पार्डोच्या टोपीवर बसला. टोपीचा काठ खाली आला, चेहरा दिसेनासा झाला, लीद मिसळलेला चिखल गळ्यावरून कोटात उतरला.

आणि पार्डोने टोपी काढली.

कुणी हसलं नाही. ज्या टोपीसाठी याचा बाप तुरुंगात गेला, ती याने एका आंधळ्या घोडीपुढे उतरवली होती. आत टक्कल होतं. आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. जुडिथ आपली फिरतच होती. सिल्व्हेनसने धावत जाऊन तिला थांबवलं, दांड्यातून सोडवलं, तोंड फिरवून दुसऱ्या बाजूने जुंपलं आणि उजवीकडे चल म्हणून विनवू लागला. ती जागची हलेना. तिचे पाय थरथरायला लागले. त्याने तिच्या मानेवर डोकं टेकवलं आणि तो तसाच उभा राहिला. त्याने आशा सोडली होती, ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

 टोपीवरचा चिखल पार्डोने बोटाने निपटला, फेकणार होता, पण फेकला नाही. अंगठा आणि बोटामध्ये चोळू लागला. पुन्हा थोडा घेतला, पुन्हा चोळला. मग माझ्याकडे हात केला.

“एनॉक, हे बघ.”

मी चोळून पाहिलं. खडा नाही, गुठळी नाही. इतकी मऊ माती मी आयुष्यात हाताळली नव्हती.

“घोडीने तिचं काम केलंय,” पार्डो म्हणाला. “पातीच उलटी आहेत. लोहाराला बोलवा.”

तेव्हा मात्र लोक हसले. पार्डोसुद्धा. मेशिनबाई म्हणाली की माझ्या कोबीला हा न्याय मिळाला असता तर बरं झालं असतं. तबिथाने एप्रनने नवऱ्याचं काळं तोंड पुसलं आणि सगळ्यांदेखत त्याला विचारलं की आता तरी जेवणार का, की आजही मलाच दोघांचं खावं लागेल.

लोहाराने पाती काढून उलट्या तिरकसपणे बसवली. दुपारनंतर जुडिथ पुन्हा जुंपली, डावीकडे, आणि तळाच्या तोंडातून माती कशी आली ते मी काय सांगू. त्या मातीचा साचा कुठेही तडकला नाही. नळकांडं ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला आणि मी हातोडीने ठोकलं. चर्चच्या घंटेसारखं वाजलं. मायकेलमसला कातडीवाला आला तेव्हा पार्डोने त्याच्या हातात एक मोठी कढई ठेवली आणि म्हणाला, घोडी मिळणार नाही, रिकाम्या हाताने जा. कातडीवाला म्हणाला, रिकाम्या हाताने म्हणजे कसं, कढई आहे की. पार्डो म्हणाला, तेच, कढई आहे, घोडी नाही.

सिल्व्हेनसने बॉयलरचं फावडं सोडलं आणि घाण्यावर आला. घाण्याभोवतीच्या गोल वाटेवर गवत उगवायला त्याने पुढे कधी वेळ दिला नाही.

नळकांडं होडीवर चढवायच्या दिवशी तो धक्क्यावर आला होता. ते कुठे चाललंय म्हणून त्याने होडीवाल्याला विचारलं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा तांब्याच्या खाणीवर, होडीवाला म्हणाला. तिथे पाणी उपसायला अजून घोडे आहेत, आता हे यंत्र बसलं की सुटले बिचारे. सिल्व्हेनसचं हसू गेलं. तो बराच वेळ त्या चकचकीत नळकांड्याकडे बघत राहिला, ज्याची माती त्याच्या घोडीने मळली होती. होडी सुटली तेव्हा मात्र तो काठाकाठाने तिच्यासोबत धावत गेला, उभ्या जन्मात पहिल्यांदाच इतका सरळ, आणि ओरडून म्हणाला:

“तिथले घोडे डावीकडे फिरतात का बघ. फिरत असतील तर इकडे पाठव म्हणावं. आमची पाती तशीच बसवली आहेत.”