वरच्या बांधीचं खत

वैशाखात भाजून निघालेल्या मातीवर डुकरांचं खत पसरलं की जो उग्र, आंबूस, नाकातून थेट कपाळात चढणारा दर्प सुटतो, त्याला सुगंध म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण कुठल्या शेतावरून तो झुळुकीबरोबर आला, की आजही माझी पावलं मंदावतात आणि मन कृतज्ञतेनं भरून येतं. तुम्ही हसाल! मोगऱ्याच्या वासानं गहिवरणारी माणसं पुष्कळ असतील, खताच्या वासानं गहिवरणारी बहुधा मी एकटीच. खुशाल हसून घ्या, आणि मग ऐका.

देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा मी चांद्याहून गडचिरोलीकडच्या एका जंगलकाठच्या गावात सून म्हणून आले. घरात नवरा, सासूबाई आणि मी. उताराच्या पायथ्याशी आमची धानाची एकुलती बांधी, म्हणजे भातखाचर, आणि धुऱ्यापलीकडे, दोन शेतांमधल्या बांधापलीकडे, जरा वरच्या अंगाला, चैतूभाऊची. चैतूभाऊ गोंड, त्याच्या दारात डुकरांचा भरला खुराडा. आमच्या सासूबाईंचं सोवळं असं कडक, की त्या खुराड्यावरून जाताना त्यांचा पदर नाकावर चढायचा तो विहीर आल्याशिवाय उतरायचा नाही. चैतूभाऊची बायको गालात हसायची. सासूबाईंना ते दिसायचं, आणि पदर आणखी घट्ट व्हायचा.

त्या साली रोगानं आमचा गोठा रिकामा केला. शेण नाही तर खत कुठलं? थकलेल्या मातीत नुसतं बी टाकून आम्ही आभाळाकडे पाहत बसलो. यंदा धान भरलं नाही तर बांधी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला द्यायची आणि घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला जायचं, असं नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं.  सासूबाई रोज संध्याकाळी बांधीवर जाऊन उभ्या राहू लागल्या.

चैतूभाऊनं मात्र वैशाखातच आपल्या उघड्या रानावर डुकरांचं खत हात सैल सोडून पसरलं होतं. रोवणी झाली, श्रावण धो धो कोसळला, आणि नवल घडलं! त्याचं धान पिवळं पडत गेलं, आणि आमचं, ज्याला चिमूटभर खत मिळालं नव्हतं, ते असं गर्द, काळसर हिरवं झालं की पाहून डोळे निवावेत. खतात नत्र नावाचं एक सत्त्व असतं, ते पाण्यात विरघळतं, आणि त्याला धरायला वेळेवर मुळं नसली तर मातीत खोल मुरून उताराच्या वाटेनं निघून जातं, हे मला फार पुढे एका कृषी प्रदर्शनात कळलं. किती चंचल सत्त्व हे! त्याला ना धुरा कळतो, ना सातबारा, ना सोवळं. ज्याच्या अंगणात ते जन्मलं त्याला चुकवून, जी बाई त्याच्या वासानं नाक झाकत होती तिच्याच ताटात ते गुपचूप येऊन बसत होतं.

चैतूभाऊ बिचारा हवालदिल झाला. एका सकाळी धुऱ्यावर उभा राहून तो सासूबाईंना म्हणाला, "बाई, माहा धान पिवळा पडून राह्यला. बीजच खराब निंगालं वाट्टे." सासूबाई खाली वाकल्या. धुऱ्याच्या पायथ्यातून तांबूस पाणी झिरपत होतं. ते त्यांनी ओंजळीत घेतलं आणि चक्क हुंगलं.  गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळणार होतं? आमचं घर, आमचं या गावात राहणं, सगळं त्या झिरपत्या पाण्यावर टिकून होतं!

"बीज खराब नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुह्या खताचा कस माह्या बांधीत येऊन राह्यला. धुरा बांध."

नवऱ्याचा चेहरा उतरला. चैतूभाऊ दिवसभर चिकणमातीचे गोळे धुऱ्याच्या बुडाशी ठासत राहिला. खुराड्यातलं उरलेलं खत आणून त्यानं ते आता उभ्या धानात, मुळांपाशी थोडं थोडं टाकलं. संध्याकाळी पाहिलं, तर धुऱ्याला वीतभर फट त्यानं मोकळीच ठेवली होती. नवऱ्यानं विचारलं, "हे काऊन ठेवलं, भाऊ?" चैतूभाऊ हात धूत म्हणाला, "तुमाले खा-प्याले नोको का? मले पुरते." आणि घरी निघून गेला.  

त्या साली दोन्ही बांध्या पिकल्या. घुग्घुसचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. माझी लेकरं त्याच गावात जन्मली, त्याच विहिरीवर न्हाली आणि त्याच तांदळावर वाढली.

नव्या तांदळाचा पहिला भात सासूबाईंनी देवाला दाखवला, आणि उरलेलं भांडं दोन्ही हातांनी उचलून त्या चैतूभाऊच्या घरी निघाल्या. मी मागोमाग. खुराडा आला, दर्प आला, आणि माझी नजर सवयीनं त्यांच्या पदराकडे गेली. तो खांद्यावरच होता. पुढे कधी मी तो विषय काढला, की त्या फणकाऱ्यानं म्हणायच्या, "हातात भांडं व्हतं ना, पदर कशानं धरू?"

पण परत येताना त्यांचे हात रिकामेच होते, आणि पदर तरीही खांद्यावरच होता.