दोनदा आवळलेला पट्टा

लिंबागणेशात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की त्रिंबकला फोन जातो. एवढं सांगितलं की त्याची निम्मी ओळख झाली. उरलेली निम्मी अशी, की हा माणूस गाडी चालवतो त्याहून जास्त बांधाबांध करतो. टपावर बॅग असो, पोतं असो, नाहीतर नवरीचं कपाट असो, दोर तोच आवळणार. आणि गाडी निघाली की मांजरसुंब्याला थांबून तोच दोर पुन्हा आवळणार. आत बसलेल्यांना कितीही घाई असो. एकदा अख्खं वऱ्हाड त्याच्या नावानं खडे फोडत होतं, लग्नाची वेळ टळायला आली होती, तरी हा खाली उतरून गाठी तपासत उभा. पूर्वी दहा-बारा वर्षं त्यानं कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवला. ही खोड तिथली, असं सगळे म्हणत. मीही म्हणायची.

मी गावची अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं झाली, गावातलं प्रत्येक मूल माझ्या वजनकाट्याच्या झोळीत बसून गेलंय. त्यामुळे बाळांच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा ताठा होता. तो कसा उतरला तेच सांगते.

माझी रोहिणी पुण्याहून बाळंतपणाला आली आणि साडेसात महिन्यांतच मोकळी झाली. मुलगी झाली. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती. घरी आणली तेव्हा माझ्या काट्यावर दोन किलोच्या जेमतेम पुढं भरली. अशा कमी दिवसांच्या बाळांचे डोळे महिन्याच्या आत तपासावे लागतात, नाहीतर नजर जाऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सव्विसाव्या दिवशी संभाजीनगरची वेळ मिळाली, दुपारी बाराची. सव्वाशे-दीडशे किलोमीटर रस्ता, मध्ये मांजरसुंब्याचा घाट आणि मांडीवर एवढंसं लेकरू. मांडीवर, हे मी आपलं धरूनच चालले होते.

रोहिणीचं म्हणणं वेगळं. जावई रामेश्वर पुण्याला परत जाताना बाळाची गाडीतली खुर्ची ठेवून गेले होते. खुर्ची कसली, कडी असलेली टोपलीच ती. तिची खालची बैठक मात्र पुण्याला त्यांच्या गाडीतच राहिलेली. बैठक असली की खुर्ची वरून खटकन बसते. ती नाही, तर आता काय? जावयांनी फोनवर सांगितलं, गाडीच्या पट्ट्यानंही बांधता येते, खुर्चीच्या बाजूला चित्रं आहेत ती बघा. एवढं बोलून रेंज गेली.

सकाळी सातला त्रिंबक आला. मी बाळाला घेऊन मागं बसायला निघाले, तर त्यानं दार अडवलं. रोहिणीनं त्याला खुर्चीचं आधीच फोनवर सांगितलं होतं.

"बाई, लेकरू मांडीवर असंल तर म्या गाडी काढणार न्हाई."

मला राग आला. वेळ चाललेली आणि हा ड्रायव्हर मला नियम सांगतोय. पण रोहिणी त्याच्या बाजूनं, त्यामुळे मी बाळाला घेऊन बाजूला झाले.

पहिलीच अडचण भलतीच निघाली. मागच्या पट्ट्याचं टोक अडकवायचा खटकाच सापडेना. बसणाऱ्याला टोचतो म्हणून नवीन सीटकव्हर शिवताना त्रिंबकनं तो आत दाबून टाकला होता. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो असाच गाडलेला असतो, कारण मागं बसून पट्टा लावणारा माणूस आम्ही पाहिलेलाच नाही. त्रिंबकनं खिशातून पान कापायचं पातं काढलं आणि दोन महिन्यांपूर्वीच घातलेलं ते कव्हर उभं फाडलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसानं सीटवर साधा उसाचा रसही कुणाला पिऊ दिला नव्हता.

मग तो चित्रांपुढं बसला. बोट ठेवून एकेक चित्र बघायचा, रोहिणीला विचारायचा. खुर्ची उलटी ठेवायची, बाळाचं तोंड सीटच्या पाठीकडे. हे मला पटेना. पण गाडीला हिसका बसला तर सगळा जोर पाठीवर जातो, मान तुटत नाही, असं रोहिणीनं सांगितलं. कमरेचा पट्टा खुर्चीवरून घेऊन दोन्ही बाजूंच्या निळ्या आकड्यांखालून ओवायचा आणि खांद्याचा पट्टा खुर्चीच्या मागून वळवून पाठीवरच्या निळ्या खाचेत बसवायचा. त्रिंबकनं ते केलं. खुर्ची तरीही डुलत होती. त्याचा हात सवयीनं डिकीतल्या दोराकडे गेला, पण रोहिणीनं दोर नको म्हणून सांगितलं. तेव्हा त्यानं खुर्चीत गुडघा रोवला, अंगाचा सगळा भार टाकला आणि पट्टा ओढला. पुन्हा भार, पुन्हा ओढ. मग खुर्ची धरून हलवली तर तिच्याबरोबर गाडीच हलली.

एवढ्यावरही त्याचं समाधान नाही. खुर्चीच्या बाजूला एक रेघ होती, ती जमिनीशी सरळ यायला हवी, नाहीतर बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडतो. आमचं अंगण उताराचं. त्यानं गाडी देवळापुढच्या फरशीवर नेली, खाली वाकून रेघ बघितली, आपल्या गळ्यातला टॉवेल गुंडाळून खुर्चीच्या कडेखाली सारला आणि पट्टा परत ओढला. आठ वाजून गेले होते. मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

बाळाला खुर्चीत मी ठेवलं. डिसेंबरची थंडी होती. अंगात झबलं, डोक्याला कुंची, त्यावर दुपटं, त्यावर माझ्या हातची गोधडी, असं गाठोडं करून ठेवलं आणि वरून खुर्चीचे छातीवरचे पट्टे लावले. घट्ट बसले. आता खूश का, असं मी त्रिंबकला जरा टोचूनच विचारलं.

निघालो. बाळाच्या एका बाजूला मी, पुढं रोहिणी. मला रस्ता दिसतच नव्हता. मी नुसती तिच्या नाकाकडे बघत होते. नाकपुडी हलली की माझा श्वास सुटायचा, मग पुढच्या हालचालीपर्यंत पुन्हा अडकायचा. एवढी भ्याले होते मी.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. थांबणारच होती. टपावर काही नव्हतं, तरी त्रिंबक उतरला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. खुर्ची हलवून बघितली, ती जागची हलेना. मग त्यानं बाळाच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली बोट सरकवलं. बोट काय, त्याचा अख्खा पंजा आत गेला.

"माल दबला, बाई," तो म्हणाला. "उसाच्या वाळल्या पाचटावरनं आवळलेला दोर घट्टच लागतो. चार कोस गेलं की पाचट बसतं अन् दोर सैल पडतो. गोधडी काढा."

बाहेर गार वारं होतं. दोन किलोच्या लेकराची गोधडी काढायला हा मला सांगत होता, मला! मी त्याला सुनावलंच, की बावीस वर्षं मी हेच करत आलेय, तुमचं काम गाडी चालवायचं. तो चिडला नाही. किल्ली काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली आणि दाराशी उभा राहिला. मग मी त्याचा चेहरा बघितला. तो माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला होता.

मी गोधडी काढली, दुपटंही काढलं. झबल्यातलं ते बोटभर लेकरू त्या पट्ट्यांमध्ये केवढं मोकळं पडलं होतं ते तेव्हा दिसलं. रोहिणीनं पट्टे ओढून अंगाबरोबर केले, आणि मग गोधडी वरून नुसती पांघरली.

घाट उतरताना पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. त्रिंबकनं त्याच्यापासून भरपूर अंतर ठेवलं होतं. वळणावर मागच्या ट्रॉलीवरचा दोर सुटला आणि मोळ्या धडाधड रस्त्यावर आल्या. त्रिंबकनं ब्रेक दाबला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं, पाण्याची बाटली उडून काचेला लागली. बाळाला धरायला मी दोन्ही हात फेकले. पण माझे हात पोचले तेव्हा गाडी थांबून गेली होती.

खुर्ची जागच्या जागी होती. गोधडी उडून खाली पडली होती. बाळानं जांभई दिली.

रोहिणी रडायला लागली. मी माझ्या हातांकडे बघत होते. त्रिंबक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. मागून हॉर्न वाजले तरी बराच वेळ त्याला गाडी सुरू करता आली नाही.

बाराच्या आधी पोचलो. डॉक्टरांनी डोळे तपासले, सध्या काळजीचं काही नाही म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. रोहिणी बाळाला पाजायला आत थांबली. मी बाहेर आले तर त्रिंबक परतीसाठी खुर्ची पुन्हा बांधत होता. मी त्याला चहा दिला आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. कप हातात धरून तो खुर्चीकडे बघत म्हणाला,

"आमची माऊली तुळजाच्या मांडीवर होती, बाई. वर, मोळ्यांवर. ट्रॅक्टर म्याच चालवत होतो. कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला. आईनं किती घट्ट धरलं असंल, तुमाला सांगाया नको. तरी सुटली."

मला माऊली आठवली, त्रिंबक आणि त्याच्या बायकोची, तुळजाची, तान्ही लेक. चौदा वर्षं झाली. दसऱ्याच्या आधी माझ्याच झोळीत तिचं वजन केलं होतं, साडेसहा किलो. गुढीपाडव्याला ही दोघं कारखान्यावरून परत आली ती लेकराशिवाय. मी घरी जाऊन विचारलं होतं. तुळजा भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि त्रिंबक म्हणाला होता, ताप आला.

"मी रजिस्टरला तिच्या नावापुढं 'ताप' असं लिहिलंय," मी म्हणाले.

त्यानं चहा तसाच कट्ट्यावर ठेवला आणि खुर्चीत गुडघा रोवून पट्टा ओढला.

"ते तसंच ऱ्हाऊ द्या, बाई. तुळजाला वाटतंय, लेकरू तिच्या हातनं सुटलं ते गावात कुणालाच ठावं न्हाई."