काका ग्रुपवर आले

कुणाच्या हातात नवा फोन दिसला की काका तो मागून घ्यायचे, लगेच उलटा करायचे आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत विचारायचे, "उघडतं का हे?"

उघडत नाही म्हटलं की फोन परत. "मग विकत कसलं घेतलंत? भाड्यानं आणलंत म्हणा."

तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल, ज्याला लिफ्टपाशी पाहिलं की आपण गुपचूप जिना धरतो. आमच्या कोथरूडच्या इमारतीत हा मान वरच्या मजल्यावरच्या काकांचा होता. जन्मभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले. फोन-ॲपवाल्या बड्या कंपन्यांचं काही घरात ठेवायचं नाही असं त्यांनी एकदा ठरवलं आणि खरोखरच ठेवलं नाही. फोन जुना, पण पाठ नखानं उघडणारा. त्यातलं कंपनीचं सगळं त्यांनी स्वतः उपटून काढलेलं आणि जागी कुणालाही आतून तपासता येईल असं सॉफ्टवेअर घातलेलं.

मी एकदा त्याला फुकटचं म्हणालो. "फुकटचं नव्हे हो, मुक्त. फुकट तुमचे मालक देतात."

माझे मालक म्हणजे खराडीतली माझी कंपनी. तिचं पोट त्या बड्यांवरच चालतं. दिवसभर तिथे मान मोडून, सगळं शहर ओलांडून घरी यावं, बूट काढावेत, तोच बेल वाजायची. दारात काका. "काय, सरकारनं आज काय फर्मान काढलं?"

सरकार म्हणजे सोसायटीची कमिटी. तिच्या सूचना यायच्या फक्त त्या हिरव्या ॲपवरच्या ग्रुपवर, आणि ते ॲप काकांकडे नव्हतं. मग मी दारात उभ्यानं वाचून दाखवायचो. टँकर, लिफ्ट, कुणाची गाडी कुणाच्या जागेवर. खरं सांगतो, जीव अगदी कंटाळून जायचा.

मध्यंतरी त्यांनी सगळ्यांसाठी आपलं स्वतःचं निरोपांचं ॲप उभं केलं. टीव्हीमागे साबणाच्या डबीएवढा संगणक ठेवला आणि घरोघरी जाऊन फोनमध्ये ॲप घालून दिलं. आठवडाभर सगळे हौसेनं बोलले. मग कुणाला पासवर्ड आठवेना, कुणी फोन बदलला, आणि सगळे तिकडेच आहेत म्हणत एकेक जण परत गेला. भांडण कुणाशीच झालं नाही, दम संपला इतकंच. शेवटी तिथे काका आणि काकू दोघंच उरले. काकू स्वयंपाकघरातून हॉलमध्ये निरोप धाडायच्या, 'चहा झालाय.' काका उत्तर द्यायचे, 'पोच मिळाली.'

मग काकूंना डायलिसिस सुरू झालं. सेंटरवाले वेळेतला बदल त्याच हिरव्या ॲपवरच्या आपल्या ग्रुपवर कळवत. काकांनी तिथल्या मुलीला विनवून ठेवलं होतं, "मला आपला साधा फोन करत जा." ती बिचारी करायची. एकदा ती रजेवर गेली आणि नेमकी त्याच दिवशी वेळ बदलली. काका सकाळी काकूंना घेऊन गेले, तर नंबर दुपारनंतर. परत आले तेव्हा मी फाटकाशीच होतो. काकू रिक्षाच्या दांडीला डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांच्यात उतरायचंही त्राण नव्हतं. दुपारनंतर पुन्हा जायचं होतं.

त्या संध्याकाळी काका आले ते सरळ आत येऊन बसले. फोन माझ्यापुढे धरला.

"टाका ते."

"काका, सेंटरशी मी बोलून बघतो ना. दुसरा काही मार्ग..."

"तिचे हाल होतात हो. टाका."

मी ॲप टाकलं. अटींची लांबलचक यादी आली. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही भिंगातून वाचणारा हा माणूस. त्यानं एक ओळ न वाचता 'मान्य' दाबलं. इतकी वर्षं मी त्यांना वैतागलो होतो, पण ते हरावेत असं मला कधीच वाटलं नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवर फुलं पडली, टाळ्या पडल्या, 'वेलकम काका' झालं. काकांनी तिकडे न बघता सेंटरची पुढची वेळ काय आलीय ते पाहिलं.

आता मी घरी येतो, बूट काढतो, निवांत चहा पितो. कुणी येत नाही. परवा काका लिफ्टमध्ये भेटले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काका, उद्या पाणी येणार नाहीये बरं का."

"हो," ते म्हणाले, "वाचलं."

एवढ्यात माझा मजला आला.