ईमेलचा जावक क्रमांक

भंडाऱ्यातल्या एका विद्यापीठ विभागात ईमेल आला, पण आला तो मधुकररावांचा हुकूम पाळायलाच. मधुकरराव तिथले मोठे बाबू. प्रत्येक मेलची प्रिंट निघे, तिच्यावर शिक्का बसे, आवक रजिस्टरात क्रमांक चढे आणि मग बाबूलाल शिपाई ती घेऊन सरांच्या सह्यांसाठी हिंडे. तोवर त्याच सरांनी तो मेल घरी वाचून विसरूनसुद्धा टाकलेला असे.

मेलिंग लिस्टचा तमाशा तर विचारूच नका. ती आधी अकारविल्हे लागली, तर विभागप्रमुख ताराचंद सरांचं नाव त्यांना कनिष्ठ असलेल्या खुशाल सरांच्या नावाखाली गेलं. साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग यादी सेवाज्येष्ठतेने लावून खुशाल सरांना सीसीत टाकलं, तर ते तणतणत आले. "प्रतिलिपी तं शिपायाले बी जाते. मी का शिपाई आहो?"

हे सगळं टाईप करी ती तृप्ती मेश्राम. सिहोऱ्याची, नेट पास, नऊ वर्षं तासिकेवर शिकवणारी. माऊस हातात घेतला की मधुकररावांना घाम फुटे, म्हणून वर्ग संपला की ती त्यांच्याशेजारी बसून फुकटात पत्रं टंकायची. लिस्टही तिचीच करणी, पण तिच्यात तिचं नाव नव्हतं. 'तासिका शिक्षकांची नावे यादीत घेऊ नयेत' हा आदेशसुद्धा मधुकररावांनी तिच्याच हातून टंकून घेतला होता. लाज म्हणून कशाची वाटली नाही!

मे महिन्यात सगळे सुट्टीवर गेले आणि विद्यापीठाचा मेल आला. तासिका शिक्षकांची संमती विभागाने पंधरा जूनपर्यंत कळवावी, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांना काम नाही. बाबूलालने कशीबशी प्रिंट काढून दिली. मधुकररावांनी तिला आवक क्रमांक दिला, नोटीस बोर्डावर टाचणीने लावली आणि उत्तर टाईप करायला तृप्ती कधी येते याची वाट पाहत बसले.

ती आली वीस जूनला, सुट्ट्या संपल्यावर.

"बाबूजी, एक फोन काहून नाही केला?"

"फोनले जावक नंबर कोठून देऊ, म्याडम? उद्या कोणी इचारलं तं काय दाखवू? नोटीस लावली होती ना."

"कुलूप लावलेल्या व्हरांड्यात?"

"व्हरांडा उघडा पाहिजे असं नियमात कोठी लिहिलं आहे?"

तृप्तीचे डोळे भरून आले. नऊ वर्षांची नोकरी एका टाचणीने बोर्डावर टोचून संपवली होती. मधुकररावांनाही क्षणभर वाईट वाटलं, पण उत्तर तर पाठवायला हवं होतं.

"लिहा," ते म्हणाले. "संबंधित शिक्षिकेने मुदतीत संमती दिली नाही."

तृप्तीने टंकलं, 'संबंधित शिक्षिकेला मी कळवलेच नाही. चूक माझी आहे.' खाली मधुकररावांचं नाव आणि हुद्दा. प्रिंट तिने त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबूजी, वाचून घ्या. मंगच पाठवतो."

"वाचणं साहेबाचं काम, म्याडम. आपलं काम नंबराचं. पाठवा."

त्यांनी वळणदार अक्षरात जावक क्रमांक टाकला, ऐटीत सही ठोकली आणि गोल शिक्का असा मारला की एक रेघ इकडची तिकडे झाली नाही. मेल विद्यापीठाला गेला, सेवाज्येष्ठतेने साऱ्या लिस्टला गेला.

एक प्रत तृप्तीने मागून घेतली. त्या विभागातून सहीशिक्क्यानिशी बाहेर पडलेला, खरं लिहिलेला तो पहिला कागद होता.