म्हशीची गाय

"मावशी, तबक नीट धरा. आणि मध्ये बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

तबकात शाल, नारळ आणि मॅडमचं नवं पुस्तक. मी कोल्हापुरातल्या एका बालवाडीत मदतनीस. मॅडम संस्थाचालकांच्या पत्नी. पाहुण्यांना फेटा, मॅडमना फेटा, माइकवाल्यालाही फेटा. एका पातळ पुस्तकाला इतकं कापड लागतं, हे मला नवीन होतं.

मॅडम गोष्ट वाचू लागल्या. दुसऱ्याच वाक्याला मी ती ओळखली. पोरांनी डबा संपवावा म्हणून मी रोज सांगायची, तीच गोष्ट. वर्षभर मॅडम दारात खुर्ची टाकून का बसायच्या, ते तेव्हा कळलं.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलमागे पळवतात. माझ्या बाबांची बिजली दुसऱ्या कुणाच्या गाडीमागे हलायची नाही. बाबांची हाक आली की सुसाट. पुस्तकात बिजलीची गाय झाली होती. पांढरीशुभ्र. नाव गौरी.

पुढच्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. "मॅडम, गाय कुटं पळतीया गाडीमागनं? म्हस हाय ती. मावशीची बिजली की!"

"म्हस! म्हस!" सगळी पोरं ओरडली.

मॅडम माइकवरच हसल्या. "मावशी काहीबाही बोलतात. त्याचं साहित्य आपल्याला करावं लागतं."

टाळ्या.

मी तबक खाली ठेवलं. "म्हस माझ्या बाची. गोष्ट माझी. पांढरा रंग तेवढा तुमचा."

टाळ्या नाहीत. काम तिथंच सुटलं.

त्या संध्याकाळी उरलेल्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बिजली लिहायला बसले. संस्थेच्या कपाटातली पुस्तकं पुसता पुसता पुष्कळ वाचली होती. लिहिलं कधीच नव्हतं. रागानं हात चालला. चार पत्रिका भरल्या. राग तसाच होता, पण बिजलीची शिंगं रंगवण्यापर्यंत आले आणि एकटीच हसायला लागले. पाचवी पत्रिका ओढली. मग थांबताच येईना.

आज माझी तीन पुस्तकं पोरं वाचतात. परवा त्याच संस्थेतून फोन आला. "ताई, तुमचा सत्कार ठेवलाय." मावशीची ताई झाले होते.

म्हटलं, "त्या पुस्तकावर माझं नाव घाला. गायीची म्हस करा. तोवर येणार न्हाय."

"ताई, जुनं सोडा की आता."

सोडणार नाही. माझ्या प्रत्येक पुस्तकात एक काळी म्हैस असते, गोष्टीत तिचं काही काम नसलं तरी. पुढच्या पुस्तकातही असेल. तिला कुणी पांढरी करून दाखवावं.